‘कारण कळलं नाही’ : मध्यमवयीनांचे अज्ञात कारणाने झालेले जादा मृत्यू मोजायचे कसे

गेल्या हिवाळ्यात बडोद्याच्या दांडिया बाजारात ओळखीच्या एका घरी बेसण्याला, म्हणजे सांत्वनाच्या बैठकीला, गेले होते. गेलेला माणूस सत्तेचाळीस वर्षांचा. रात्री जेवून झोपला तो सकाळी उठलाच नाही. परतताना शेजारचा मुलगा म्हणाला, “मावशी, चाळिशी-पन्नाशीतली माणसं हल्ली अशी पटापट जातायत. तुम्ही इतकी वर्षं दवाखान्यातले कागद सांभाळलेत. खरंच वाढलंय का हे?”

बडोद्यातल्या एका रुग्णालयाच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात मी बावीस वर्षं मृत्यूच्या कारणांना कोड लावले. त्याला रस्त्यात उभ्या उभ्या उत्तर देणं मला बरोबर वाटलं नाही. २०२३ च्या नवरात्रात गरबा खेळताना माणसं कोसळल्याच्या बातम्या गुजरातभर आल्या, तेव्हापासून हा प्रश्न घराघरात आहे. तो मोजता येतो. सोबत एक्सेल, शाळेतलं गणित आणि भरपूर चिकाटी लागते. पण सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करून ठेवा. ‘अज्ञात कारण’ हा फॉर्मवरचा एक रकाना आहे. तो फुगला, तर जास्त माणसं गेली असतील, किंवा तितकीच गेली असतील आणि कागद वेगळा लिहिला गेला असेल. या दोन शक्यता वेगवेगळ्या दिसाव्यात अशाच तऱ्हेने हिशेब मांडायचा असतो.

मूळ हिशेब

एखाद्या काळात जितके मृत्यू झाले, त्यातून नेहमीप्रमाणे जितके झाले असते ते वजा करायचे. जे उरतं ते जादा मृत्यू. मे २०१० मध्ये अहमदाबादला पारा ४६.८ अंशांवर गेला होता. त्या महिन्यात शहरात ४,४६२ मृत्यू झाले. तुलनेला मे २००९ आणि मे २०११ घेतले, तर अपेक्षा ३,११८ ची होती. वजाबाकी १,३४४, म्हणजे ४३.१ टक्के वाढ. यातल्या बहुतेकांच्या कागदावर ‘उष्माघात’ हा शब्द नव्हता, तरी एकूण आकड्याने उन्हाचा तडाखा दाखवलाच. त्या अनुभवातूनच अहमदाबादेत २०१३ मध्ये उष्णतेसाठीचा कृती आराखडा तयार झाला.

आपल्या विषयाला याहून जवळचं उदाहरणही गुजरातचंच आहे. राज्यातल्या १६२ पैकी ९० नगरपालिकांच्या मृत्यू नोंदवह्यांवरून संशोधकांनी मार्च २०२० ते एप्रिल २०२१ चे जादा मृत्यू काढले. ते सुमारे २१,३०० भरले, अपेक्षेपेक्षा ४४ टक्के जास्त. त्याच काळात संपूर्ण राज्याचा कोविड मृत्यूंचा सरकारी आकडा १०,०९८ होता. आणि टक्केवारीने सर्वांत मोठी वाढ ४० ते ६५ या वयोगटात होती. म्हणून मध्यमवयीनांचा हिशेब वेगळा काढायला हवा असं मी आग्रहाने म्हणते. म्हाताऱ्यांचे मृत्यू मुळात इतके जास्त असतात, की त्या मोठ्या आकड्यात घरच्या कर्त्या माणसांचं जाणं दिसेनासं होतं.

कोणाला मोजायचं, ते आधी लिहून काढा

वय, राहण्याचं ठिकाण आणि कारण या तिन्हींची व्याख्या आकडे हातात येण्याआधी वहीत लिहा. आकडे पाहून व्याख्या ठरवली, की मन नकळत हवं ते उत्तर शोधतं.

वयासाठी मी ४० ते ५९ घेते आणि आत पाच-पाच वर्षांचे गट ठेवते. छापील सरकारी तक्त्यांत ४५-५४, ५५-६४ असे गट मिळतात. फक्त तेच हाताशी असतील, तर ४५-६४ धरा. बेचाळिशीचा माणूस आणि अठ्ठावन्नचा माणूस यांच्या धोक्यात पुष्कळ फरक असतो. शहरात अठ्ठावन्नचे लोक वाढले, तरी एकूण मृत्यू वाढतात, आणि त्यात नवं काही घडलेलं नसतं.

राहण्याचं ठिकाण ही बडोद्यातली मोठी फसगत आहे. आपल्याकडे मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते. सयाजी रुग्णालयात छोटा उदेपूर, पंचमहाल, दाहोद, अगदी मध्य प्रदेशातल्या अलिराजपूरचेही रुग्ण येतात. त्यातले जे जातात, त्यांची नोंद बडोद्यात. म्हणून मृत्यूच्या फॉर्म नंबर २ मधला ‘मृत व्यक्तीचं राहण्याचं गाव’ हा रकाना मागा आणि फक्त शहरवासीय ठेवा. त्यातही एक खाच आहे. २०२० मध्ये भायली, सेवासी, बिल, उंडेरा, करोडिया, वेमाली आणि वडदला ही सात गावं महानगरपालिकेत आली. आधीच्या वर्षांत ती गावं नाहीत आणि नंतरच्या वर्षांत आहेत, असा तक्ता झाला तर वाढ आयतीच दिसेल. एक तर दोन्हीकडे त्यांना घ्या, नाहीतर दोन्हीकडून वगळा.

‘अज्ञात’ म्हणजे नेमकं कोणतं?

माझा बहुतेक वेळ इथेच जायचा, आणि तुमचाही इथेच गेला पाहिजे.

रुग्णालयात मृत्यू झाला की डॉक्टर फॉर्म ४ भरतात, घरी झाला आणि डॉक्टरांनी पाहिलं असेल तर ४-अ. त्यात पहिल्या भागात ओळीने लिहायचं असतं : थेट कारण, ते कशामुळे, तेही कशामुळे. सर्वांत खालच्या ओळीत मूळ कारण यायला हवं. फॉर्मवरच सूचना असते की रोग लिहा, मरण्याची रीत लिहू नका. तरी रात्रपाळीतला दमलेला डॉक्टर ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ एवढंच लिहून सही करतो. हृदय आणि श्वास थांबणं हे तर प्रत्येकच मृत्यूत होतं.

म्हणून मी तीन डबे करते. पहिल्या डब्यात उघड अज्ञात : रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीतले आर-९६ (अचानक मृत्यू, कारण अज्ञात), आर-९८ (कोणी जवळ नसताना झालेला मृत्यू) आणि आर-९९ (अस्पष्ट किंवा अज्ञात कारण). दुसऱ्या डब्यात कोरे : कारणाचा रकाना रिकामा, किंवा ‘वैद्यकीय प्रमाणपत्र आहे का’ यापुढे ‘नाही’. तिसऱ्या डब्यात झाकलेले अज्ञात : नुसतं ‘कार्डियाक अरेस्ट’ म्हणजे आय-४६, नुसतं ‘श्वास थांबला’ म्हणजे आर-०९.२, आणि असेच पुढचे-मागचे काही नसलेले शब्द.

तिन्ही डब्यांचे आकडे वेगळे ठेवा, बेरीज शेवटी करा. कारण माणसं एका डब्यातून दुसऱ्यात सरकतात. एखाद्या रुग्णालयात प्रशिक्षण झालं की तिसरा डबा रिकामा होतो आणि पहिला भरतो, कारण आता डॉक्टर प्रामाणिकपणे ‘अज्ञात’ लिहू लागतात. वाय-१० ते वाय-३४ हे कोड मात्र यात घालू नका. विश्वामित्री नदीत बुडून गेलेल्याचं कारण माहीत असतं. अपघात की आत्महत्या, एवढंच ठरलेलं नसतं.

दुसरा डबा आपल्या देशात प्रचंड मोठा आहे. २०२० मध्ये भारतात नोंदलेल्या मृत्यूंपैकी फक्त २२.५ टक्क्यांना वैद्यकीय कारणाचं प्रमाणपत्र होतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या कायद्यातल्या दुरुस्तीने प्रत्येक वैद्यकीय संस्थेवर, ती सरकारी असो वा खाजगी, कारणाचं प्रमाणपत्र रजिस्ट्रारला देणं आणि त्याची प्रत नातेवाइकाला देणं बंधनकारक केलं. म्हणजे त्या तारखेनंतर दुसरा डबा कागदाच्या शिस्तीमुळेही घटू शकतो. तक्त्यात तिथे एक आडवी रेघ मारून ठेवा.

आकडे मिळवणं

महानगरपालिकेच्या जन्म-मरण विभागाकडे माहिती अधिकारात अर्ज करा. नावं, पत्ते मागू नका. ते मागितलं तर अर्ज नाकारला जाईल, आणि तो नाकारलाही जावा. मागायचं ते एवढं : २०१५ पासून प्रत्येक महिन्याचे मृत्यू, पाच वर्षांच्या वयोगटाने, स्त्री-पुरुष वेगळे, राहण्याचं गाव शहरात की बाहेर, मृत्यू घरी की संस्थेत, वैद्यकीय प्रमाणपत्र आहे की नाही, आणि कारणाचा कोड. अर्जात ‘मृत्यूच्या तारखेप्रमाणे’ हे शब्द ठळक लिहा.

हे शब्द का, ते सांगते. एकदा मी अख्ख्या वर्षाचा तक्ता नोंदणीच्या तारखेवर केला होता. सप्टेंबरात मोठा डोंगर दिसला. तो ऑगस्टच्या पुरात बंद पडलेल्या कचेरीचा साठलेला ढीग होता. मृत्यू २१ दिवसांत कळवायचा असतो, पण उशिरा नोंदी होतात : ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्काने, वर्षापर्यंत जिल्हा रजिस्ट्रारच्या परवानगीने, त्यापुढे दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने. त्यामुळे गेल्या दोन-तीन महिन्यांचा एकूण आकडा नेहमीच कमी दिसतो.

अज्ञाताचं मात्र उलट होतं. अचानक गेलेल्या माणसाचं शवविच्छेदन होतं, व्हिसेरा (आतल्या अवयवांचे नमुने) तपासायला जातो, आणि अहवाल येईपर्यंत कागदावर ‘कारण राखून ठेवलं’ असं असतं. महिन्यांनी अहवाल आला की तो मृत्यू अज्ञातातून बाहेर पडायला हवा, पण तो कागद नोंदवहीपर्यंत पोचतोच असं नाही. म्हणून ताज्या महिन्यांत एकूण मृत्यू कमी आणि अज्ञात जास्त दिसतात, आणि अज्ञाताचं प्रमाण भीतीदायक वाटतं. निदान एक वर्ष जुना काळच मोजा. ज्या दिवशी आकडे काढले ती तारीख तक्त्याच्या डोक्यावर लिहा.

पडताळ्यासाठी स्मशानांच्या वह्या आहेत. खासवाडीसारख्या मोठ्या स्मशानात वय लिहिलेलं असतं. फक्त हिंदू स्मशानं पाहून थांबू नका, कब्रस्तानांच्या नोंदीही घ्या. स्मशानातला आकडा आणि नोंदवहीतला आकडा यांच्यातलं अंतर वर्षागणिक घटत असेल, तर नोंदणी सुधारते आहे आणि तुमच्या ‘वाढी’तला काही भाग तिचा आहे.

अपेक्षित आकडा

आधीच्या पाच वर्षांची सरासरी काढून वजाबाकी करणं सर्वांना जमतं, आणि आपल्या शहरांत तेच सर्वांत जास्त चुकवतं. इथे चाळिशी ओलांडणाऱ्यांची संख्या दरवर्षी वाढते. सरासरी भूतकाळात अडकून राहते. त्यामुळे २०१५ ते २०१९ मधून रेषा काढायची आणि ती पुढे न्यायची. २०२० आणि २०२१ आधारात धरायचे नाहीत. ती वर्षं घेतली तर अपेक्षाच इतकी वर चढते की पुढची खरी वाढ लपून जाते.

लोकसंख्येने भागून दर काढावा का? काढावा, पण भरवसा बेताचा ठेवून. २०११ च्या जनगणनेत महानगरपालिकेची लोकसंख्या सुमारे १६.७ लाख होती. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. मधल्या वर्षांचे वयोगट अंदाजाचे आहेत, आणि छेदातली चूक सरळ उत्तरात उतरते.

आता सराव करू. पुढचे आकडे केवळ शिकण्यासाठी मी रचले आहेत, ते बडोद्याचे किंवा कोणत्याही शहराचे नाहीत. वयोगट ४०-५९.

| वर्ष | एकूण मृत्यू | त्यात अज्ञात |
|---|---|---|
| २०१५ | २,०८० | १६० |
| २०१६ | २,१९० | १९६ |
| २०१७ | २,२५० | १७८ |
| २०१८ | २,१९० | २१४ |
| २०१९ | २,३४० | २०२ |
| २०२३ | २,५६० | ३९० |

आधी एकूण. पाच वर्षांची सरासरी २,२१०. चढ काढायला मधलं वर्ष २०१७ शून्य धरा आणि बाकीची उणे २, उणे १, १, २. प्रत्येक आकड्याला त्याच्या क्रमांकाने गुणून बेरीज करा : ५२०. तिला १० ने (क्रमांकांच्या वर्गांच्या बेरजेने) भागा : दरवर्षी ५२ ची वाढ. २०२३ हे मधल्या वर्षापासून सहावं, म्हणून अपेक्षा २,२१० + (६ × ५२) = २,५२२. प्रत्यक्ष २,५६०. जादा ३८, म्हणजे दीड टक्का. नुसत्या सरासरीवर गेलो असतो, तर जादा ३५० आले असते, जवळजवळ १६ टक्के. एवढ्या फरकावर शहरभर घबराट पसरू शकते.

आता अज्ञात. सरासरी १९०, चढ १०.२, अपेक्षा २५१. प्रत्यक्ष ३९०. जादा १३९, म्हणजे ५५ टक्के.

एक्सेलमध्ये हे ‘फोरकास्ट’ सूत्राने एका ओळीत येतं. तरी एकदा हाताने करून पाहा.

अनिश्चितता

पाच बिंदूंवरची रेषा सहा वर्षं पुढे ओढली, तर ती किती हलेल ते सांगितल्याशिवाय आकडा कोणाच्या हातात देऊ नका. प्रत्येक वर्षाचा प्रत्यक्ष आकडा रेषेपासून किती दूर आहे ते काढा, त्यांच्या वर्गांची बेरीज करा, ३ ने भागा आणि वर्गमूळ घ्या. (पाच वर्षं, त्यातून रेषेचे दोन आकडे वजा, म्हणून ३. एक्सेलमध्ये हे ‘एसटीईवायएक्स’ सूत्र.) एकूण मृत्यूंसाठी ते ५५.३ येतं, अज्ञातासाठी १५.९. पुढे नेण्याचा गुणक : १ + १/५ + ३६/१० = ४.८ (५ वर्षं, ३६ म्हणजे सहाचा वर्ग, १० वरचेच), वर्गमूळ २.१९. त्याने आधीच्या आकड्याला गुणा. शेवटी ९५ टक्के खात्रीसाठी ३.१८ ने गुणा. सवयीने २ ने गुणलं जातं, पण इतक्या थोड्या वर्षांना ते अपुरं पडतं.

एकूण मृत्यूंची कक्षा, म्हणजे नेहमीप्रमाणे चाललं असतं तर आकडा जिच्यात पडला असता ती हद्द, येते २,५२२ अधिक-उणे ३८५. प्रत्यक्ष २,५६० हे तिच्या अगदी मधोमध आहे. एकूण वाढ झाली असं म्हणता येत नाही, आणि शंभर-दोनशेची वाढ झालीच नाही असंही म्हणता येत नाही. अज्ञाताची कक्षा २५१ अधिक-उणे १११, म्हणजे १४० ते ३६२. प्रत्यक्ष ३९० बाहेर पडलं. अज्ञाताचा रकाना नक्की वाढला आहे.

कक्षा अरुंद करायची असेल, तर महिन्यांचे आकडे वापरा आणि ऋतूंचा हिशेब आत घ्या. थंडीतला जानेवारी आणि मे यांची एकमेकांशी तुलना करू नका. मात्र महिन्याला अज्ञात १०-१५ च असतील, तर तिमाही धरा.

आता दोन्ही आकडे शेजारी ठेवा

अज्ञात १३९ नी वाढले, एकूण फक्त ३८ नी. मग उरलेले १०१ कुठून आले? कारण माहीत असलेल्यांची अपेक्षा २,२७१ होती, झाले २,१७०. तिथे १०१ कमी. म्हणजे पूर्वी ज्यांच्या कागदावर ‘हृदयविकार’ किंवा दुसरं काही आलं असतं, अशांपैकी काहींच्या कागदावर आता ‘अज्ञात’ आलं असण्याची शक्यता मोठी आहे. हे सिद्ध झालेलं नाही. ज्ञात कारणांत खरी घट आणि अज्ञातात खरी वाढ एकाच वेळी होऊ शकते.

ते तपासायला आकड्यांचे तुकडे पाडा. हृदयविकाराचा कोड नेमका त्याच वर्षी घसरला का? वाढ एकाच रुग्णालयातून आली असेल, तर ती लिहिण्याच्या सवयीची असते. ती घरी झालेल्या आणि संस्थेत झालेल्या, स्त्रियांच्या आणि पुरुषांच्या, सगळ्या वॉर्डांतल्या मृत्यूंत सारखी असेल, आणि एकूण मृत्यूही कक्षेबाहेर असतील, तेव्हा माझे कान टवकारतात. तुकडे करताना १० पेक्षा लहान संख्या कुठेही छापू नका. एका वॉर्डातला, एका महिन्यातला बेचाळीस वर्षांचा माणूस कोण, हे शेजाऱ्यांना लगेच कळतं.

‘का’ या प्रश्नासाठी वेगळं काम लागतं

या सगळ्या हिशेबातून ‘किती’ कळतं. लस, कोविड, ताण, व्यायामशाळा, यांपैकी कशामुळे, ते यातून कधीच कळत नाही, आणि आलेख दाखवून तसं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. त्यासाठी गेलेल्यांची तुलना त्याच वयाच्या, त्याच वस्तीतल्या जिवंत माणसांशी करावी लागते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १८ ते ४५ वयातल्या अचानक, न उलगडलेल्या मृत्यूंचा असा अभ्यास केला : गेलेले ७२९, तुलनेला २,९१६. तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. लसीने धोका वाढल्याचं त्यात आढळलं नाही. कोविडमुळे पूर्वी रुग्णालयात दाखल होणं, घराण्यात अचानक मृत्यू, मृत्यूच्या थोडं आधी एकाच वेळी भरपूर दारू पिणं किंवा अतिश्रमाचा व्यायाम, या गोष्टींशी धोका जोडलेला दिसला. त्यात पंचेचाळिशीच्या पुढचे नव्हते, म्हणजे आपल्या गटाचा मोठा भाग बाहेर राहिला.

आपल्या पातळीवर करता येण्यासारखं आहे ते तोंडी शवविच्छेदन : घरी जाऊन शेवटच्या दिवसांची हकीकत लिहून घेणं, आणि दोन डॉक्टरांनी एकमेकांना न विचारता ती वाचून कारण ठरवणं. भारतात दहा लाख मृत्यूंच्या अभ्यासात हीच रीत वापरली गेली. यासाठी नैतिक समितीची मंजुरी आणि घरच्यांची लेखी संमती हवीच, म्हणून एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या जनआरोग्य विभागाबरोबर मिळून करा.

तेराव्याच्या आत जाऊ नका. तीन-चार महिने जाऊ द्या, पण वर्षाच्या पुढे नको, कारण आठवणी पुसट होतात. घरात मराठी बोलत असतील तर मराठीत, गुजराती बोलत असतील तर गुजरातीत बोला. ‘हार्टचा त्रास होता का?’ या प्रश्नाने सुरुवात केली, तर उत्तर ‘हो’ येतं. त्याऐवजी म्हणा, “त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं ते सांगा,” आणि मध्ये बोलू नका. जिने ते पाहिलं ती व्यक्ती, बहुतेक वेळा बायको किंवा आई, आत स्वयंपाकघरात असते आणि बाहेर दीर किंवा भाऊ बोलत असतो. तिला बाहेर बोलावण्याची विनंती करा. घाम, छातीतली कळ, डाव्या हाताला मुंग्या, आदल्या आठवड्यातला ताप, बंद केलेली बीपीची गोळी, हे सगळं तिच्याकडे असतं, आणि नोंदवहीत ते कधीच आलेलं नसतं.